इंटरनेटचंही माप पाहून घ्या!

बोदवडच्या बाजारात काटा नीट पाहिल्याशिवाय मी वांगी घेत नाही. पण दरमहा पैसे भरूनही इंटरनेटचं माप कधी पाहिलं नव्हतं! परवा घरून शिकवताना आवाज तुटू लागला. मुलं म्हणाली, "मॅडम, काहीच कळत नाही." वायरमनला चांगलं सुनवायचं ठरवलं, पण आधी मोजून पाहिलं.

मैत्रिणींनो, तुम्हीही मोजा. बाकीचे मोबाइल, टीव्ही बंद ठेवा. आधी राउटरजवळ स्पीड टेस्ट करा, मग स्वयंपाकघरात. सकाळी एकदा, रात्री एकदा. डाउनलोड म्हणजे आपल्याकडे येतं ते, अपलोड म्हणजे आपण पाठवतो ते. आपला आवाज जातो तो अपलोडवर, बरं का! आकडे वहीत टिपा.

आणखी एक. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून फाइल उतरते ती सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट. ही फसवणूक नव्हे. मात्र राउटरजवळही आकडा नेहमीच कमी येत असेल, तर वही दाखवून तक्रार करा.

आमच्याकडे राउटरजवळ ३८ आले, स्वयंपाकघरात ९! राउटर लोखंडी कपाटामागे होता. तो बाहेर काढला, नि बिचाऱ्या वायरमनची बोलणी वाचली.