पंखवाल्या बिया कशा ओळखायच्या

चंदीगडचा सेक्टर २२ हा शहरात सुरुवातीला वसलेल्या सेक्टरांपैकी एक. मे महिन्यात इथे सकाळी फिरायला निघालं की पायाखाली पंखवाल्या बिया येतात. त्या ओळखायच्या कशा, ते आज पाहू.

फौजेत शिकवतात, आधी खूण पाहा, मग नाव घ्या. इथे खुणा तीन: पंख किती, बी कुठे, आणि पडते कशी.

गोल, कागदासारखी चकती, मधोमध बी, टोकाला छोटी खाच. ही वावळ. इकडे हिला पापडी म्हणतात. आपल्याकडे गावातली मुलं आतलं बी सोलून खातात.

लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, बुडाशी पीळ, बी मध्यावर. हा महारुख, इकडचा अरडू. पिळामुळे तो गरगरत खाली येतो.

लाकडासारखं टणक, उभ्या पाच धारा. हा अर्जुन. जड असल्याने वाऱ्यावर फार लांब जात नाही. हे मूळचं नदीकाठचं झाड, त्याला पाण्याचीही मदत होते.

ही तिन्ही खरं तर अख्खी फळं आहेत, बी आत असतं. याउलट शेवग्याची शेंग वाळून उकलली की तीन पातळ पंखांची बीच बाहेर पडते. जॅकरांडाच्या चपट्या बोंडातून निघणाऱ्या बीला सभोवती पारदर्शक झालर असते.

खात्री करायची असेल तर गच्चीतून एकेक सोडून पाहा. वावळ तरंगते, महारुख फिरतो, अर्जुन धपकन पडतो. पंखाचं काम उडवणं नव्हे, पडणं लांबवणं. जितका वेळ हवेत, तितका वारा पुढे नेणार. म्हणूनच बऱ्याच बिया उन्हाळ्यात सुटतात. मागोमाग पाऊस येतो आणि रुजायला ओल मिळते.

पण फरशीवर पडलेली बी रुजणार कुठे? ती झाडूबरोबर जाते. चार बिया उचलून मातीत टाकणं आपल्या हातात आहे. मात्र ओळखून टाका. वावळ खूप मोठी होते, तिला मोकळं मैदान द्या. महारुखाचं लाकूड मऊ, वादळात फांद्या मोडतात, म्हणून तो घराच्या भिंतीलगत किंवा गाड्या उभ्या राहतात तिथे नको. अंगणात जागा थोडी असेल तर शेवगा बरा. त्याच्या शेंगा आमटीतही पडतील.

उद्या फिरायला जाताना खिशात एक कागदी पाकीट ठेवा.