मातींतील उणीव आणि हृदयाचा रोग

चीनच्या ईशान्य टोकाला हेलुंगज्यांग नांवाचा प्रांत आहे. तेथील केशान तालुक्यांत १९३५ सालच्या हिवाळ्यांत एक विलक्षण सांथ उद्भवली. धडधाकट बाई घरकाम करतां करतां छाती कोंडल्यासारखी होऊन खालीं बसे, पिवळें पाणी ओके, तिचे हातपाय गार पडत आणि कित्येकदां दुसरा दिवस उजाडण्यापूर्वींच तिचा अंत होई. ज्या वांचत त्यांचें हृदय फुगून कायमचें दुबळें होऊन राही. रोगाला नांव नव्हतें. तालुक्याचेंच नांव त्याला चिकटलें आणि ‘केशानचा रोग’ म्हणून तो वैद्यकाच्या ग्रंथांत शिरला.

पुढें तपास झाला तेव्हां हा रोग एकट्या केशानचा नाहीं असें दिसून आलें. ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे, थेट सेचवान व युनानपर्यंत गेलेल्या एका तिरप्या पट्ट्यांतच तो आढळे. उत्तरेंत तो हिवाळ्यांत मुख्यतः तरुण बायकांना गांठी. दक्षिणेंत उन्हाळ्यांत लहान मुलांना. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी होती. बळी पडत तीं शेतकऱ्यांचीं घरें. त्याच परिसरांत राहून बाहेरचें धान्य खाणारे नोकरदार लोक बहुधा सुटत.

कारणाविषयीं तर्क पुष्कळ झाले. बंद खोलींतील शेगडीच्या वायूची ही विषबाधा म्हणावी, तर दक्षिणेंत भर उन्हाळ्यांत शेगडी कोठली? जंतूंचा रोग म्हणावा, तर तो पट्ट्याबाहेर कां पसरत नाहीं? उलगड्याचा धागा अखेर गुरांच्या वैद्यांकडून मिळाला. याच पट्ट्यांत जनावरांच्या पिलांचे स्नायु पांढुरके पडून तीं मरत. आणि हा पशुरोग सिलेनियम या मूलद्रव्याच्या अभावानें होतो, हें इतर देशांत आधींच कळलें होतें. सिलेनियम हें गंधकाच्या कुळांतलें. १८१७ सालीं स्वीडनच्या बर्झेलियसनें तें शोधलें व चंद्राच्या ग्रीक नांवावरून त्याचें बारसें केलें. नांव शीतल, पण पुढें दीर्घकाळ त्याची ख्याति विष म्हणूनच होती! चिनी संशोधकांनीं पट्ट्यांतील माती, धान्य आणि रहिवाशांचे केस तपासले. सर्वत्र सिलेनियमचा दुष्काळ. जमिनींत नाहीं म्हणून धान्यांत नाहीं, धान्यांत नाहीं म्हणून रक्तांत नाहीं.

परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या एवढ्यावरून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. म्हणून १९७४ सालीं सेचवानमधील म्यॅननिंग तालुक्यांत १ ते ९ वर्षांच्या मुलांवर मोठा प्रयोग झाला. कांहींना आठवड्यांतून एकदां सोडियम सेलेनाइटची गोळी, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. पहिल्या वर्षीं औषध मिळालेल्या ४,५१० मुलांपैकीं १० जणांना रोग झाला. न मिळालेल्या ३,९८५ पैकीं ५४ जणांना. १९७५ सालीं हेच आंकडे ६,७६७ पैकीं ७ आणि ५,४४५ पैकीं ५२ असे आले.

या हिशेबाकडे नुसतें गणित म्हणून पाहतां येत नाहीं. ५४ आणि ५२ मिळून १०६ मुलें होतात. गोळी मिळाली असती तर त्यांतील बहुतेक या रोगांतून सुटलीं असतीं, असें आज म्हणतां येतें. १९७४ च्या आरंभीं तें कोणालाच ठाऊक नव्हतें; उलट मात्रा थोडी चुकली तर मुलांना विषच चारल्यासारखें होण्याचा धोका होता. पहिल्या वर्षाच्या निकालानंतर दुसरें वर्ष तसेंच चालवावयास हवें होतें काय, हा प्रश्न अधिक अवघड. हा रोग एका वर्षीं उसळे तर दुसऱ्या वर्षीं ओसरे, तेव्हां एकाच वर्षाच्या पुराव्यावर विसंबणें कठीण होतें. तरीहि ज्या घरांत तीं ५२ मुलें आजारी पडलीं तेथें हें उत्तर पुरलें नसतें. १९७६ पासून गोळी जवळजवळ सर्वांना देण्यांत आली. त्या वर्षीं ती घेणाऱ्या १२,५७९ मुलांपैकीं ४ आजारी पडलीं, १९७७ सालीं १२,७४७ पैकीं एकहि नाहीं.

तरी रोग ऋतूप्रमाणें कां येई? संशयाची सुई कॉक्सॅकी नांवाच्या विषाणूकडे वळली. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मेलिंडा बेक व त्यांचे सहकारी यांनीं या विषाणूचा एक निरुपद्रवी वाण सिलेनियमविरहित आहारावरील उंदरांत सोडला. तेथें त्याचें स्वरूपच पालटलें आणि तो हृदयाला इजा करूं लागला. पुष्ट आहारावरील उंदरांनाहि मग तो बदललेला विषाणु बाधला. अन्नांतील उणीव केवळ रोग्याला दुबळी करीत नाहीं, ती शत्रूलाहि बळ देते, हा निष्कर्ष त्या काळीं नवाच होता.

याच चीनमध्यें नेमकी उलट व्यथाहि घडली. हुबे प्रांतांतील एन्शी भागांत १९६१ ते १९६४ च्या सुमारास लोकांचे केस व नखें गळूं लागलीं. अवर्षणानें भाताचें पीक बुडालें, लोक स्थानिक मका व भाजीपाला अधिक खाऊं लागले, आणि तेथील दगडी कोळशांतून जमिनींत उतरलेलें सिलेनियम त्यांच्या ताटांत आलें. यांग ग्वांगची व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८३ सालीं दोन्ही टोकें मोजून प्रसिद्ध केलीं: केशान रोगाच्या भागांत दररोज माणशीं सरासरी ११ मायक्रोग्रॅम, एन्शीच्या पीडित गांवांत ४,९९०.

केशानचा रोग पुढें फार कमी झाला; पण सर्व श्रेय गोळीला देणें योग्य होणार नाहीं. १९८० नंतर जेथें सिलेनियम वांटलें गेलें नाहीं तेथेंहि तो ओसरला. खेड्यांतील हातांत पैसा आला, बाहेरचें धान्य व मांसमासळी घरांत येऊं लागली, आणि एकाच मातीवर जगण्याची सक्ति सुटली.