हाकेला ओ

गजानन महाराज मंदिराच्या चौकातून पुंडलिकनगरच्या रस्त्याला लागलं की उन्हाळ्याच्या तोंडावर एका गल्लीत भाजक्या धण्यांचा वास येतो. तो वास म्हणजेच आमच्या वहिनींच्या घराचा पत्ता. काळा मसाला, आमटीत घालायचा येसर, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचे पापड त्या घरी करून विकतात. नळाला पाणी येण्याचा दिवस सोडला तर कढई रोज तापते. गल्लीत त्यांना पाटीची गरज पडली नाही. दिवाळीत मात्र त्यांनी वेबसाइट करून घेतली आणि चार महिने उलटले तरी तिच्यावरून एकही फोन आला नाही.

"भाऊजी, दुकान तर उघडलंय, पण कडी आतून लागल्यासारखं वाटायलंय," त्या म्हणाल्या. त्या बोलल्या ते शब्दशः खरं निघालं.

वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी एक मुलगी वेबसाइट शोधात वर आणण्याचंच काम करते. या कामाला सगळे 'एसईओ' म्हणतात. तिनं सलग तीन रविवार वहिनींच्या वेबसाइटला दिले. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि पाहत राहिलो.

पहिल्या रविवारी तिनं गूगलच्या चौकटीत आधी 'साइट' हा शब्द इंग्रजीत लिहिला, पुढे दोन टिंबं आणि त्याला चिकटून वहिनींच्या वेबसाइटचा पत्ता. गूगलला त्या वेबसाइटची जेवढी पानं ठाऊक असतात, त्यांचा अंदाज असा घेता येतो. खाली एकही पान आलं नाही.

"काका, आपण खालच्या नंबरवर नाही. आपण यादीतच नाही," ती म्हणाली.

मग तिनं समजावून सांगितलं. गूगलचा एक प्रोग्राम दुव्यांवरून दुव्यांवर जात पानं वाचत फिरतो. वाचलेलं पान ठेवण्यासारखं वाटलं तर त्याची नोंद सूचीत होते. आपण काही शोधतो तेव्हा गूगल त्या घटकेला जगभर धावत नाही, या सूचीत बघतं आणि उत्तरं क्रमानं मांडतं. म्हणजे वाचन, नोंद आणि क्रम. नवखा माणूस तिसऱ्या पायरीची काळजी करत बसतो आणि त्याचं घोडं पहिल्या दोहोंतच अडलेलं असतं.

वहिनींची वेबसाइट वर्डप्रेसवर होती. मुलीनं सेटिंग्जमधलं 'रीडिंग' हे पान उघडलं. तिथं एक छोटा चौकोन असतो. शोधयंत्रांनी या साइटची नोंद घेऊ नये, अशी विनंती त्यावर खूण केली की जाते. काम अर्धवट असताना ती खूण करणं शहाणपणाचंच, पण काम संपल्यावर ती काढायची असते. इथं ती राहून गेली होती. वहिनींची आतली कडी ती हीच. मुलीनं खूण काढली, गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत साधनात वेबसाइट आपलीच असल्याची खातरजमा करून दिली आणि सगळ्या पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, तिथं जोडला.

"आता?" वहिनींनी विचारलं.

"आता थांबायचं, काकू. काही दिवस लागतील, कदाचित काही आठवडे."

दुसरा रविवार शब्दांचा होता. माझ्या मते या कामाचा सगळा जीव तिथंच आहे.

वेबसाइटच्या पहिल्या पानाचं शीर्षक होतं 'होम'. खाली मोठ्या अक्षरात 'परंपरेचा स्वाद, विश्वासाचा सुगंध'. पाच-सहा पानं होती आणि सगळ्यांवर असंच काहीबाही. येसर हा शब्द मजकुरात कुठंच नव्हता. तो होता दरपत्रकात, आणि दरपत्रक हे एक चित्र होतं, छापखान्यातून आलेलं जसंच्या तसं चढवलेलं. चित्रातली अक्षरं यंत्राला थोडीफार उमगतात, पण त्यावर विसंबू नये. वहिनींच्या मुलानं छापखान्याची मूळ फाइल शोधून दिली. त्यातला मजकूर वेबसाइटवर उतरवून घेतला तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसू लागली. फाइल जुन्या फॉन्टमधली होती. त्या फॉन्टमध्ये 'म' दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते कुठलं तरी इंग्रजी अक्षर असतं. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरी आपल्याकडच्या कितीतरी पत्रिका, दरपत्रकं आणि स्मरणिका अजून जुन्या फॉन्टमध्ये बंद आहेत. माणसाला वाचता येणारी ती मराठी यंत्राच्या दृष्टीनं मराठी नाहीच. मुलगी काही न बोलता पूर्ण दरपत्रक नव्यानं टाइप करत बसली.

मग तिनं विचारलं, "काकू, फोनवर लोक नेमकं काय विचारतात?"

वहिनींनी ऑर्डरची वही आणली. पिठाचे, हळदीचे डाग पडलेली दोनशे पानी वही. मुलगी एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागली. येसर अर्धा किलो. लग्नातल्या आमटीचा मसाला. काळा मसाला, कमी तिखट. पुण्याला पाठवता का. येसर, मुलीच्या डोहाळजेवणाला.

"बघा की, लोक येसरच विचारायलेत!" वहिनी स्वतःच चकित झाल्या.

शोधशब्द काढायची महागडी साधनं मिळतात, पण नवख्या माणसासाठी अशी वही सगळ्यांत भरवशाची, कारण तिच्यात गिऱ्हाइकाचे शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडचे असतात. 'परंपरेचा स्वाद' कुणी शोधत नाही. लग्नाच्या पंगतीतली आमटी जिभेवर राहिलेला, नोकरीसाठी गाव सोडलेला माणूस 'येसर' शोधतो. काहींच्या तोंडी त्याचाच येसूर होतो. कुणी देवनागरीत लिहितो, कुणी इंग्रजी अक्षरांत, कुणी फोनशी नुसता बोलतो.

आणि मग आमच्या शहराचं नाव. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. पाट्या बदलल्या, कागद बदलले, पण बोटांची सवय इतक्या लवकर बदलत नाही. कुणी नुसतं संभाजीनगर लिहितो, कुणी पूर्ण नाव, कुणी अजून औरंगाबाद. वर बिहारमध्ये एक औरंगाबाद आहेच. पुंडलिकनगरसुद्धा इंग्रजीत कुणी जोडून लिहितो, कुणी तोडून. मुलीनं पत्त्यात छत्रपती संभाजीनगर लिहिलं, पुढे कंसात औरंगाबाद, आणि परिसर म्हणून गारखेडा. एकदाच.

"सगळी नावं दहा-दहा वेळा टाकली तर?" मी विचारलं.

"तो गुन्हाच, काका. शब्द कोंबणं किंवा पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात लपवणं गूगलच्या नियमांत फसवणूक म्हणून धरलं जातं. आणि वाचणाऱ्यालाही ते नकोसं होतं."

पूर्वी पानाच्या पोटात शोधशब्दांची एक वेगळी यादी भरायची रीत होती. क्रम लावताना आपण ती बघत नाही, असं गूगलनं 2009 मध्येच जाहीर केलं. तरी ती यादी भरून देण्याचे पैसे आजही घेतले जातात.

संध्याकाळपर्यंत प्रत्येक पदार्थाला स्वतःचं पान मिळालं. येसरच्या पानाचं शीर्षक झालं 'घरगुती मराठवाडी येसर – छत्रपती संभाजीनगर'. शोधात शीर्षकाखाली जी दोन ओळींची ओळख दिसते, तीही लिहिली: कशाचा बनतो, कोणत्या वजनात मिळतो, बाहेरगावी पाठवतो का. या ओळींनी क्रम चढत नाही आणि गूगल कधी त्या बदलूनही दाखवतं. पण पान उघडावं की नाही, हे माणूस बऱ्याचदा त्यावरूनच ठरवतो.

तिसऱ्या रविवारी फोटो. मोबाइलवर काढलेले मोठमोठे फोटो तसेच चढवल्यानं पान उघडायला वेळ लागत होता. तिनं ते हलके केले. आकड्यांची नावं काढून फाइलींना ओळखू येतील अशी नावं दिली आणि प्रत्येक फोटोमागे वर्णन लिहिलं: 'पितळी डब्यात भाजणीच्या रंगाचा येसर'. हे वर्णन यंत्राला कळतं, पण मुळात ते ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसासाठी आहे. त्याचा फोन ते वाचून दाखवतो.

मग नकाशावरची नोंद. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. जवळच्या शोधात कोण वर दिसणार हे तीन गोष्टींवर ठरतं: शोधाशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. पैसे देऊन हा क्रम विकत घेता येत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. त्याच दुपारी वहिनींना एक फोन आला, 'पहिल्या नंबरची गॅरंटी' देणारा. मुलीनं मान हलवली. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हेही गूगलचंच म्हणणं. वहिनींनी "नको" म्हणून फोन ठेवला.

नावलौकिकाचा प्रश्न उरला. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात जी कल्पना मांडली, तिच्यावर 1998 मध्ये गूगल उभं राहिलं. विद्वान एकमेकांच्या निबंधांचे दाखले देतात, तसा एका पानानं दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे दाखला. दाखले जितके, आणि देणारा जितका वजनदार, तितकं पान मोलाचं. आता क्रम ठरवताना इतर पुष्कळ गोष्टी बघितल्या जातात, पण दाखल्याचं मोल टिकून आहे. विकत घेतलेला दाखला मात्र खोटी साक्ष ठरतो. वहिनींकडून पापड घेणाऱ्या एका बचत गटाची वेबसाइट होती. त्यांनी आपण होऊन वहिनींच्या पानाचा दुवा दिला. एवढाच एक दाखला, पण खरा.

सहा आठवड्यांनी आम्ही सर्च कन्सोल उघडलं. लोकांनी काय शोधलं तेव्हा वहिनींचं पान दिसलं, याची यादी तिथं होती. दिसणं बऱ्यापैकी, उघडणं थोडं, फोन त्याहून थोडे. मुलगी म्हणाली, सुरुवात अशीच असते. वहिनींचं लक्ष आकड्यांकडे नव्हतंच. त्या यादीतले शब्द वाचत होत्या, वहीतल्यासारखे. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. कुणीतरी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: येसरच्या आमटीत गुठळ्या का होतात.

"म्हणजे हे बाईमाणूस आपल्या पानावर आलं होतं?"

"पान दिसलं असेल, काकू. उघडलं नाही. उत्तर कुठं आहे आपल्याकडे?"

एसईओ म्हणजे यंत्राला वश करायची विद्या, असं मी समजत होतो. त्या ओळीपाशी ती समजूत गळून पडली. कुठल्या तरी स्वयंपाकघरातून, गॅसवर पातेलं ठेवलेल्या कुणीतरी हाक मारली होती. ती हाक आमच्या दारापर्यंत आली आणि आतून कुणी ओ दिली नाही, म्हणून पुढे गेली. दारातली कडी काढणं, नाव नीट लिहिणं, पान हलकं करणं, ही सगळी खटपट हाक ऐकू यावी एवढ्यासाठी असते. ओ मात्र ज्याला उत्तर ठाऊक आहे त्यालाच द्यावी लागते.

वहिनींनी पदराला हात पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "लिही बाई. येसर आधी गार पाण्यात कालवून घ्यायचा. उकळत्या पाण्यात कोरडा टाकला की गुठळ्या होणारच. चार वाट्या पाण्याला तीन चमचे..."

मुलगी टाइप करू लागली.