सामानगडचे गडकरी : बंदूक गेली, नांगर राहिला

"आमच्या घराण्यात पूर्वी कुणीतरी लढाईत होते" असे सांगणारी घरे निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात गल्लोगल्ली सापडतात. कोणती लढाई, कुणाच्या बाजूने, आणि लढाई संपल्यावर त्या माणसाने पोट कसे भरले, असे विचारले की गोष्ट बहुधा तिथेच थांबते. देवघरात एखादी गंजलेली तलवार असते. शेताच्या एखाद्या तुकड्याला अजून 'इनामपट्टी' म्हणतात. बाकी सारे विस्मरणात गेलेले असते.

अशा घरांची गोष्ट समजून घ्यायची तर गडकरी कोण होते ते आधी पाहायला हवे, आणि त्यासाठी सामानगडासारखी दुसरी जागा नाही. निपाणीहून तवंदीचा घाट उतरून संकेश्वरला यावे, तिथून गडहिंग्लजचा रस्ता धरावा. पुढे भडगाव, मग चिंचेवाडी, आणि चिंचेवाडीच्या माथ्यावर गड. फार उंच नाही, फार मोठाही नाही. दक्षिणेकडच्या किल्ल्यांना रसद पुरवणारा म्हणून त्याचे नाव सामानगड पडले असे सांगतात. सरनौबत प्रतापराव गुजर १६७४ साली ज्या नेसरीच्या खिंडीत पडले, ती नेसरीही याच गडहिंग्लज तालुक्यात आहे.

जमीन हाच पगार

गडकरी म्हणजे किल्ल्याचा वंशपरंपरागत शिपाई. मराठेशाहीत किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन मुख्य अंमलदार असत. त्यांच्या हाताखाली पहारा देणारी, तट राखणारी, दारूगोळा सांभाळणारी जी माणसे असत, त्यांचा मोठा भाग आसपासच्या गावांतलाच असे. त्यांना चाकरीबद्दल जमीन लावून दिलेली असे. बाप थकला की मुलगा त्याच पहाऱ्यावर उभा राही आणि तीच जमीन पुढे कसत असे. किल्ला ही आपली आई, ती आपल्याला जेवू घालते, ही शिकवण त्यांना लहानपणापासून मिळे.

त्यामुळे आज आपण 'सैनिक' आणि 'शेतकरी' हे दोन वेगळे धंदे मानतो, तसे त्या घरांत नव्हते. एक भाऊ गडावर, दुसरा शेतावर. पेरणीच्या घाईला गडावरचा खाली येई, धामधूम असली की खालचा वर जाई. घरातल्या बायका कुरीमागे बी सोडत आणि गडावर भाकरीही पोचवत. खंडेनवमीला तलवार, बंदूक, विळा, कोयता, कुळव हे सारे एकाच ओळीत मांडून त्यांची पूजा होई. आजही या भागातल्या घरांत खंडेनवमीला शेतीची अवजारे पुजतात.

या व्यवस्थेत जमीन नुसती मालमत्ता नव्हती. तीच पगार होती, तोच मान होता, आणि मुलाला द्यायचा वारसाही तीच होती. पुढे जे घडले त्याचे मूळ इथे आहे.

एकेक छत्र हरपत गेले

१८१८ साली पेशवाई बुडाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जनरल मन्रोने तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर बेळगावचा किल्ला घेतला आणि बेळगाव हे इंग्रजांचे लष्करी ठाणे झाले. निपाणीला सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे आपले आप्पा देसाई निपाणकर, यांची जहागीर अजून टिकून होती. १८०३ च्या मोहिमेत जनरल वेलस्लीबरोबर पेशव्यांच्या वतीने गेलेल्या सरदारांपैकी ते एक. पुढे १८३९ मध्ये ते वारले आणि निपाणीही इंग्रजांकडे गेली. मोठ्या सरदाराच्या पदरी शेकडो शिपाई असतात. सरदार गेला की इतिहासाच्या पुस्तकात त्याची एक ओळ येते, त्या शिपायांची येत नाही.

कोल्हापूरचे राज्य मात्र उभे होते, आणि सामानगड, भुदरगड, पन्हाळा हे किल्ले त्या राज्यात होते. १८३८ मध्ये बुवासाहेब महाराज निवर्तले आणि अल्पवयीन शिवाजी महाराज, म्हणजे बाबासाहेब, गादीवर आले. पुढे कारभार इंग्रजांच्या पसंतीच्या दाजी कृष्ण पंडितांकडे गेला. दाजी पंडितांनी राज्याचा खर्च आणि वसुली नीट बसवायचे मनावर घेतले. त्या सुधारणांमध्ये एक हुकूम असा होता, की गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था इथून पुढे मामलेदारांनी पाहावी.

कागदावर ही साधी फेररचना होती. पण गडकऱ्याच्या बाजूने पाहा. आजवर त्याच्या जमिनीचा संबंध गडाशी होता. आता ती कचेरीच्या वहीत जाणार. आज व्यवस्था, उद्या आकारणी, परवा जप्ती, असा हिशेब त्याने मनात मांडला तर त्याला वेडा कसे म्हणावे? शेजारच्या इंग्रजी मुलखात १८४३ पासून इनामांची चौकशी सुरू झालेलीच होती.

सप्टेंबर ते डिसेंबर १८४४

सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. त्यांचा पुढारी म्हणून मुंजाप्पा कदम हे नाव आजही घेतले जाते. गडावर साडेतीनशे गडकरी, दोनशे शिपाई, दहा तोफा आणि शंभर बंदुका होत्या असे सांगतात. सप्टेंबरमध्ये बेळगावहून लेफ्टनंट कर्नल वॉलेसच्या हाताखाली फौज निघाली. गड सहज पडेल ही समजूत खोटी ठरली. जादा कुमक आणि मोठ्या तोफा आणाव्या लागल्या, जनरल डेलामोटने सूत्रे हाती घेतली. १३ ऑक्टोबर १८४४ रोजी तट फोडून इंग्रज आत शिरले.

तोवर वणवा पसरला होता. भुदरगडचे गडकरीही उठले होते. त्यांचा गड नोव्हेंबरात पडला. सातारचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यांना बंडवाल्यांनी वाटेत पकडून पन्हाळ्यावर ठेवले होते. १ डिसेंबरला पन्हाळ्यावर तोफा लागल्या आणि तोही पडला. मग लढाई सावंतवाडीच्या रानात, मनोहरगडाकडे सरकली आणि १८४५ च्या सुरुवातीला थंडावली.

या उठावाला कुणी स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात, कुणी नुसते बंड. दोन्ही नावांत एक गोष्ट निसटते. ही माणसे सिंहासनासाठी किल्ल्यात शिरली नव्हती. ती आपल्या शेतासाठी शिरली होती. आपल्याकडच्या पहिल्या मोठ्या शेतकरी लढ्यांत याची गणना व्हायला हवी, असे मला वाटते. फरक एवढाच, की या शेतकऱ्यांना तोफ डागता येत होती.

लढाईनंतरचा माणूस

नंतरचे निर्णय कठोर होते. किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली. वंशपरंपरेने शिबंदी ठेवण्याची पद्धतच बंद झाली. राज्याची जुनी फौज मोडून तिच्या जागी नवी पलटण उभारली गेली आणि लोकांकडची हत्यारे जमा करण्यात आली. ज्या पहाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या उभे राहायचे, ती जागाच उरली नाही.

तिशीतला एखादा गडकरी डोळ्यांसमोर आणा. जखमा भरल्या आहेत, पण चाकरी गेली आहे. हातात बंदूक नाही, डोक्यावर हवालदार नाही. घरी म्हातारे आईवडील, बायको, पोरे, आणि दारात बैल. ज्याच्याकडे जमीन राहिली त्याच्यासाठीही तिचा अर्थ बदलला होता. काल ती चाकरीचा मोबदला होती, आज सारा भरून कसायची शेती झाली. ज्याच्याकडे ती राहिली नाही, त्याला दुसऱ्याच्या बांधावर राबणे आले. गडावर ज्याच्या नावाने पहारा बदलत असे, त्याला आता तलाठ्याच्या, म्हणजे तेव्हाच्या कुलकर्ण्याच्या, वहीत आपले नाव कसे लागले आहे ते पाहावे लागले.

इंग्रजी मुलखात जमिनीची मोजणी, सर्व्हे नंबर आणि तीस वर्षांची साराबंदी ही पद्धत १८३५-३६ मध्ये इंदापुरात सुरू होऊन आपल्या भागापर्यंत पोचत होती. पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला पक्के अधिकार दिले. त्या काळात घरातला कागद हीच ढाल होती. सनद दाखवता आली तर हक्क टिकण्याची आशा, नाही तर "आमचे पूर्वज गडावर होते" या बोलण्याला किंमत नाही. तलवारीपेक्षा कागद जपावा, हे या घरांना तेव्हा कळले.

नातवंडांची वाट

शिपाईगिरी मात्र या मातीतून गेली नाही, तिचा पगार बदलला. मुंबई फौजेच्या पलटणींत मराठे, महार आणि इतर जातींची माणसे आधीपासूनच होती. १८४० मध्ये बलुचिस्तानातल्या काहानचे ठाणे लढवणारी पाचवी मुंबई पलटण आणि १८६७-६८ च्या ॲबिसिनिया मोहिमेत गाजलेल्या तिसऱ्या व दहाव्या पलटणी या पुढे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पूर्वज ठरल्या. 'लाइट इन्फंट्री' हा किताब त्यांना या मोहिमांमुळे मिळाला. १९२२ पासून या रेजिमेंटचे केंद्र बेळगावात आहे. ज्या बेळगावातून सामानगडावर तोफा गेल्या, त्याच बेळगावात सीमाभागातली पोरे भरतीसाठी रांगा लावू लागली.

या शिपायाला जमीन मिळत नव्हती, रोख पगार आणि पुढे पेन्शन मिळे. पेन्शन घेऊन तो गावी येई, बैलजोडी घेई, विहिरीला हात घाली. माळावर ज्वारी, शेंगा आणि मिरची, निपाणीकडे तंबाखू. आपल्याकडचा 'सुभेदार काका' किंवा 'हवालदार आजोबा' गावात पंच म्हणून बसतो आणि पहाटे उठून शेतावरही जातो. ही सवय नवी नाही, तिच्यामागे गडकरी उभा आहे.

पुढे सीमा बदलल्या. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५६ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि चंदगड तालुका बेळगावातून काढून कोल्हापूरला जोडला गेला. एकाच भावकीतल्या एका घराचा उतारा मराठीत, दुसऱ्याचा कन्नडमध्ये. त्यामुळे आपल्या पूर्वजांचा माग काढणे दुप्पट अवघड झाले आहे.

आपल्या हातातले काम

म्हणून एक विनंती. घरातली जुनी ट्रंक, माळ्यावरचे गाठोडे, देवघरामागचा डबा एकदा उघडा. मोडीतले कागद दिसले तर ते लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. चांगल्या उजेडात फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. जुने फेरफार, आकारबंद आणि उतारे काढून ठेवा. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर राज्याचे आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद अभ्यासकांसाठी ठेवलेले आहेत. शेताच्या तुकड्यांची जुनी नावे म्हाताऱ्यांकडून लिहून घ्या, कारण सर्व्हे नंबर आल्यावर ती नावे फक्त त्यांच्या तोंडी उरली आहेत. आणि आजीला विचारायला विसरू नका. घरातला पुरुष लढाईवर असताना शेत कुणी पेरले, हे बहुधा तिलाच ठाऊक असते.

सामानगडावर आज अंबाबाईचे देऊळ आहे, कमानींची खोल विहीर आहे, ढासळलेला तट आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा प्रतापरावांची गोष्ट जरूर सांगा. ती झाली की तटावरून खाली दिसणारी शेतेही दाखवा. त्यांच्यासाठी साडेतीनशे माणसे या भिंतींमागे उभी राहिली होती.