पट्टी सरळ, तर गोधडी सरळ!

मित्रांनो, थंडी पडली की माळ्यावरून एक वस्तू हमखास खाली येते. गोधडी! कुणी तिला वाकळ म्हणतं, बाळासाठी लहानशी शिवली तर तिचंच होतं दुपटं. ती अंगावर घेऊन झोपायला तर मज्जा येतेच. पण दिवसाउजेडी ती अंथरून नीट पाहिली आहे का कधी? हा तुकडा आजीच्या नऊवारीचा, तो बाबांच्या शाळेच्या शर्टाचा, हा काठ आत्याच्या परकराचा! घरातल्या तीन पिढ्या एकमेकींना धावदोऱ्याने जोडलेल्या असतात.

पूर्वी लुगडं विरलं तर विरलेला भाग काढून ‘दंड’ घालायचे, म्हणजे चांगले भाग पुन्हा जोडायचे. तेही विरलं की गोधडी. आता मात्र दुकानातून ब्लँकेट येतं आणि जुन्या साड्या बोहारणीला देऊन एखादं पातेलं येतं. त्यामुळे कापड फाडायचं कसं, जोडायचं कसं, हे आजीच्या हातातलं ज्ञान आजीपाशीच राहतं. तर चला, या सुट्टीत ते मागून घेऊया! आपण पट्ट्यांचं एक दुपटं करू. शिवण कुणीही शिकवील. खरी गंमत आहे पट्ट्या कापण्यात, आणि बहुतेकांचं तिथेच बिनसतं.

आधी कापड ओळखा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, हे कापडाचं मोठं गाव. सूत आणि रेशीम एकत्र विणून केलेला हिमरू इथलाच आणि पैठणीचं पैठण इथून साधारण पन्नास किलोमीटरवर. शहराच्या छावणी भागात, म्हणजे जुन्या लष्करी तळाच्या वस्तीत, दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो. तिथे असो की तुमच्या गावच्या बाजारात, आईबरोबर गेलात की कापडाचा एक तुकडा हातात घेऊन हा प्रयोग करा.

कापड लांबीच्या दिशेने ताणा. फारसं ताणलं जात नाही ना? ते उभे धागे, म्हणजे ताणा. आता रुंदीच्या दिशेने ताणा. थोडंसं ताणलं जाईल. ते आडवे धागे, म्हणजे बाणा. आणि आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं ओढा. पाहिलंत? रबरासारखं लांबलं! शिंपीदादा याला ‘उरेब’ म्हणतात. गळ्याला गोट लावायला उरेब पट्टी छान, कारण ती वळते. पण गोधडीत तीच पट्टी शिवताना लांबत जाते आणि सगळं दुपटं वाकडंतिकडं होतं. म्हणून आपली पट्टी उभ्या किंवा आडव्या धाग्यालाच धरून हवी.

दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. सुती कापड थेंब चटकन पिऊन टाकतं. पॉलिएस्टरवर तो बहुधा मोत्यासारखा बसून राहतो. गोधडीला सुती कापड उत्तम. आणि नवं कापड वापरणार असाल तर आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. जुनी साडी शेकडो वेळा धुतलेली असते, तिला आटायचं ते आटून झालेलं असतं. तिच्याशेजारी न धुतलेलं नवं कापड शिवलं, तर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि जुन्याला चुण्या पाडतं. रंग गेला तर आणखी पंचाईत!

गणिताचा तास

आता कंपासपेटी काढा. आपल्याला ३६ इंच लांब-रुंद दुपटं हवंय आणि प्रत्येक पट्टी दिसायला २ इंचाची हवी. मग ३६ भागिले २, म्हणजे १८ पट्ट्या. बरोबर?

पट्ट्या १८ हे बरोबर. पण २ इंचाच्या कापल्यात तर फसलात! दोन पट्ट्या जोडताना प्रत्येकीचा पाव इंच शिवणीत जातो, म्हणजे एका जोडाला अर्धा इंच. १८ पट्ट्यांना जोड १७. सतरा गुणिले अर्धा, साडेआठ इंच! तुमचं दुपटं ३६ ऐवजी साडेसत्तावीस इंचाचं होईल आणि बाळाचे पाय बाहेर!

म्हणून पट्टी कापायची अडीच इंचाची. अठरा पट्ट्यांचे ४५ इंच, त्यातून साडेआठ गेले, उरले साडेछत्तीस. उरलेला अर्धा इंच दोन्ही कडा दुमडण्यात जाईल आणि बरोबर ३६ मिळतील. लांबीलाही तसंच, पट्टी साडेछत्तीस इंच लांब.

आणखी एक. सुतारकाका एका इंचाचे आठ भाग करतात, एका भागाला म्हणतात ‘सूत’. प्रत्येक पट्टीत एक सूत चुकलात तर ते डोळ्यांना दिसणारही नाही. पण अठरा पट्ट्यांत अठरा सूत, म्हणजे सव्वादोन इंच! छोट्या चुका अशा मुकाट्याने एकत्र जमतात.

आजीची रीत: टर्रर्र!

सर्वांत सरळ पट्टी कात्रीने होत नाही, फाडून होते! काठाशी कात्रीने बोटभर चीर द्यायची, दोन्ही हातांनी धरायचं आणि एका दमात टर्रर्र फाडायचं. सुती कापड धाग्याच्या रेषेतच फाटतं, म्हणून पट्टी आपोआप सरळ. कडा थोड्या गुंडाळल्या जातात, दोन-चार धागे सुटतात. इस्त्री फिरवा, झालं. म्हणून फाडायची पट्टी जरा जास्तच धरा, पावणेतीन इंच. मग मोजून तिला अडीचवर आणा.

फाडायला धीर होत नसेल तर कडेचा एक धागा सुईने उचला आणि हळूहळू ओढून काढा. त्याच्या जागी एक बारीक रेघ उमटेल. त्या रेघेवरून कात्री चालवा. वेळ लागतो, पण हमखास जमतं.

घडी घालून कापताना

पुष्कळ पट्ट्या एकदम कापायच्या तर कापडाची घडी घालतात. इथे एक फसवणूक आहे. वहीचा कागद दुमडा आणि घडीला थोडी तिरकी अशी पट्टी कापा. उलगडा. काय मिळालं? मधोमध कोपरासारखी वाकलेली पट्टी! कापडाचंही तसंच होतं. म्हणून गुण्याची एक बाजू घडीवर ठेवा, काटकोनात खडूने रेघ मारा, मगच कापा. तीन-चार पट्ट्यांनंतर एक उलगडून बघा आणि काटकोन पुन्हा तपासा.

१९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने पिझ्झा कापायच्या चाकासारखं फिरतं पातं काढलं. त्याने कापडाचे अनेक थर एकदम कापता येतात आणि परदेशात गोधड्या शिवणाऱ्यांनी ते उचलून धरलं. पण ते वस्तऱ्याइतकं धारदार असतं. मुलांनी मोठ्या माणसांशिवाय त्याला हात लावायचा नाही!

जोडताना एक पट्टी वरून खाली शिवली तर पुढची खालून वर शिवा. सगळ्या एकाच दिशेने शिवल्या तर कापड धनुष्यासारखं वाकतं. मग खाली अस्तर, मध्ये जुनं मऊ धोतर, वर आपल्या पट्ट्या, आणि सगळ्यांतून धावदोरा.

चिंध्यांचा मान

‘चिंध्या कसल्या जोडायच्या!’ असं कुणी म्हणालं तर त्यांना अमेरिकेतल्या जीज बेंड या खेड्याबद्दल सांगा. अलाबामा राज्यातल्या या गावात गुलामगिरीत राबलेल्या लोकांचे वंशज राहतात. तिथल्या बायका शेतात झिजलेल्या कपड्यांच्या पट्ट्या जोडून गोधड्या शिवत, कारण थंडीत पोरांच्या अंगावर घालायला दुसरं काही नव्हतं. त्याच गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात लागल्या आणि २००६ साली टपाल तिकिटांवर आल्या! आपल्या शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकाही जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात. ती बाहेरच्या कडेपासून आत शिवत येतात.

आई-बाबांसाठी

मुलं कात्री मागतील तेव्हा बोथट देऊ नका. बोथट कात्रीला जोर लागतो आणि तीच सटकते. चांगली कात्री द्या आणि शेजारी बसा. गणिताचा एक तास तुमचाही होईल.

आणि मित्रांनो, कापायच्या आधी विचारायला विसरू नका! फाडलेली साडी पुन्हा साडी होत नाही. आजीला विचारा, ही केव्हाची, कुणी घेतली, कुठल्या लग्नात नेसलीस? आजी म्हणाली ‘ही नको’, तर ती बाजूला ठेवा. ज्यांना ‘हो’ म्हणेल त्यांचा एकेक छोटा तुकडा वहीत चिकटवा आणि शेजारी तिचं उत्तर लिहा. मगच चीर द्या. टर्रर्र!