चाचांचे दुकान आणि परदेशी भांडवल

आमच्या मोहल्ल्यातल्या किराणा दुकानदार चाचांनी परवा तूरडाळ जोखता जोखता विचारले, "परदेशी कंपन्यांना किराणा विकायला सरकारने मनाई केली आहे ना? मग पोरे मोबाईलवरून साबण-तेल मागवतात, ते कुणाचे दुकान?" प्रश्न साधा होता, पण आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. घरी येऊन जुनी कात्रणे काढली.

सरसकट मनाई नाही. सप्टेंबर 2012 मध्ये केंद्राने अनेक ब्रँडचा माल एका छताखाली विकणाऱ्या दुकानांत 51 टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला परवानगी दिली, पण अटी कडक ठेवल्या. किमान 10 कोटी डॉलर आणायचे, त्यातला मोठा वाटा गोदामे, शीतगृहे अशा कामांत घालायचा, तयार मालापैकी किमान 30 टक्के देशातल्या लहान उद्योगांकडून घ्यायचा. वर राज्य सरकारची संमती हवी. महाराष्ट्राने ती तेव्हाच दिली होती, हे पुष्कळांना आज आठवतही नसेल. लोकसभेत यावर मतदान झाले. सरकारच्या बाजूने 253, विरोधात 218. एवढ्या गदारोळानंतर आले कोण? ब्रिटनची टेस्को, तीही टाटांच्या कंपनीत भागीदार म्हणून.

बाकीच्यांनी दुसरा रस्ता धरला. घाऊक व्यापारात 100 टक्के परकीय भांडवलाला आधीपासूनच मुभा होती. 2016 मध्ये ऑनलाइन 'बाजारपेठे'लाही ती स्पष्टपणे मिळाली. मुख्य अट: कंपनीने फक्त ओटा द्यायचा, माल दुसऱ्याचा असला पाहिजे. स्वतःचा साठा करून गिऱ्हाइकाला विकता येणार नाही. 2018 मध्ये वॉलमार्टने सुमारे 1,600 कोटी डॉलर मोजून फ्लिपकार्टचा 77 टक्के हिस्सा घेतला, तो याच रस्त्याने. म्हणजे ज्यावर संसद तापली ते दार जवळपास रिकामेच राहिले आणि गर्दी शेजारच्या दारातून आत आली!

ओटा देणाराच आडून मालक होतो, अशी ओरड व्यापाऱ्यांनी केली, तेव्हा नियम आवळले गेले. 1 फेब्रुवारी 2019 पासून, ज्या विक्रेत्यात बाजारपेठेच्या कंपनीची भागीदारी आहे त्याला तिथे विकता येत नाही. विक्रेत्याची 25 टक्क्यांहून जास्त खरेदी त्या कंपनीकडून किंवा तिच्या समूहातून झाली, तर त्याचा साठा तिच्याच ताब्यातला धरतात. आमच्या मते कलम चांगले आहे. पण विक्रेत्यामागे विक्रेता, त्यामागे आणखी एक घाऊक कंपनी, अशी साखळी तपासायची कुणी? नियम पाळल्याचा ऑडिटरचा अहवाल कंपनीला दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत घेऊन स्वतःकडे ठेवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी चाचांना हे सगळे सांगितले. पुडी बांधता बांधता त्यांनी विचारले, "आणि तो ऑडिटर नेमतो कोण?"

"कंपनीच," आम्ही म्हणालो.

चाचांनी मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाची साखर जोखायला घेतली.