चरित्र आणि चरित्रकार (लेखांक ५) : नेपोलियन वाचायचा कसा?

चरित्रकार साधने कुठून जमवतो, हे गेल्या लेखांकात पाहिले. साधने भरपूर असली की माणूस स्पष्ट दिसतो, असा आपला समज असतो. नेपोलियन बोनापार्टची दोन-तीन चरित्रे वाचली की हा समज टिकत नाही. १७६९ मध्ये कॉर्सिका बेटावर जन्मलेला हा तोफखान्याचा अधिकारी १८०४ मध्ये फ्रान्सचा सम्राट झाला आणि १८२१ मध्ये सेंट हेलेनावर इंग्रजांच्या कैदेत वारला. इथवर सगळ्यांचे एकमत आहे. पुढे मात्र प्रत्येकाचा नेपोलियन निराळा.

वादाची सुरुवात त्याने स्वतःच करून ठेवली. कैदेत असताना तो आठवणी सांगे आणि सोबत गेलेला लास काझ त्या टिपून घेई. १८२३ मध्ये छापून आलेल्या त्या पुस्तकात क्रांतीचा वारसदार, राष्ट्रांचा कैवारी असा नेपोलियन भेटतो. चारच वर्षांनी वॉल्टर स्कॉटचे नऊ खंडी चरित्र आले. त्यात विजयी ब्रिटनची नजर आहे. म्हणून चरित्र हाती घेताच आधी पाहावे ते प्रकाशनाचे वर्ष आणि लेखकाचा देश.

दुसरी कसोटी एखाद्या प्रसंगाची. मी पॅलेस्टाइनमधल्या जाफाचा प्रसंग निवडेन. ७ मार्च १७९९ रोजी फ्रेंच सैन्याने हे बंदर जिंकले. पुढच्या काही दिवसांत, शरण आलेल्या हजारो कैद्यांना नेपोलियनच्या हुकमाने समुद्रकाठी नेऊन ठार करण्यात आले. ११ मार्चला तोच नेपोलियन प्लेगच्या रुग्णालयात गेला. रुग्णांमध्ये फिरला, एक मृतदेह उचलायला त्याने हात लावला, असे सैन्याचा मुख्य वैद्य देजनेत याने लिहून ठेवले आहे. १८०४ मध्ये, राज्याभिषेकाच्या थोडे आधी, चित्रकार ग्रो याने ही भेट भव्य चित्रात रंगवली. त्यात नेपोलियन उघड्या हाताने रुग्णाच्या गाठीला स्पर्श करतो आहे. समुद्रकाठची कत्तल मात्र चित्रात नाही. उलट रॉबर्ट विल्सन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मध्येच लिहिले, की त्याच मोहिमेतून माघार घेताना नेपोलियनने आपल्याच आजारी सैनिकांना विष घातले. न हलवता येण्याजोग्या रुग्णांना मरण यावे म्हणून अफू देण्याचा विषय निघाला होता आणि देजनेतने त्याला नकार दिला होता. प्रत्यक्षात किती जणांना ती दिली गेली, यावर वाद आहे. आता आपल्या हातातल्या चरित्रात पाहावे : कत्तलीला किती ओळी मिळाल्या, रुग्णालयाला किती, आणि अफूबद्दल लेखक कोणाच्या साक्षीवर विसंबतो? लेखकाचा कल इथे उघड होतो.

तिसरी गोष्ट पत्रांची. पुतण्या तिसरा नेपोलियन गादीवर असताना पत्रव्यवहाराचे ३२ खंड निघू लागले, पण घराण्याला अडचणीची ठरणारी पत्रे त्यातून गाळली गेली. एकविसाव्या शतकात पॅरिसच्या नेपोलियन प्रतिष्ठानाने १५ खंडांत चाळीस हजारांहून अधिक पत्रे छापली. अँड्र्यू रॉबर्ट्सने २०१४ च्या चरित्रात या नव्या खंडांचा आधार घेतला आणि त्याला त्यांत अफाट कामाचा, तल्लख, विनोदी राज्यकर्ता दिसला. २०१८ मध्ये अ‍ॅडम झामॉयस्कीने नेपोलियनच्या दंतकथेमागचा, चुकणारा सामान्य माणूस शोधला. पत्रे वाढली, म्हणून वाद मिटला नाही.

याचा अर्थ सगळीच मते सारख्या मोलाची, असा मुळीच नाही. नागरी कायद्याची संहिता १८०४ ची आणि फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी कायम राखणारा कायदा १८०२ चा. दोन्हीही त्याच माणसाचे. यातले एक सांगून दुसरे दडवणारे चरित्र कितीही रसाळ असले, तरी अपुरे आहे.

पीटर गाइल या डच इतिहासकाराने फ्रेंच लेखकांनी काढलेले नेपोलियनचे परस्परविरोधी निवाडे एकाच पुस्तकात समोरासमोर मांडले. नाझींच्या छळछावणीतून परतलेल्या माणसाने हे काम पुरे करावे, याला मोल आहे. आपणही तेच करावे. एक चरित्र त्याच्या बाजूचे आणि एक विरोधातले अशी दोन घ्या, दोन्हींतली जाफाची पाने शेजारी ठेवून वाचा, आणि मगच आपले मत बनवा.